मधोमध कापलेली रजई

मी रजई बोलतेय. एक म्हणावं की दोन, हे आता माझं मलाच नीट सांगता येत नाही. माझा एक तुकडा आतल्या खोलीतल्या पलंगावर असतो आणि दुसरा बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर. ऐकू मात्र मला दोन्हीकडचं येतं, त्यामुळे विश्रांती म्हणून नाही. लोकांना झोपवण्यात जन्म गेला आणि स्वतःच्या डोळ्याला डोळा नाही. असो. रडगाणं गात बसले तर थंडी सरून जाईल आणि सांगायचं ते राहून जाईल.

माझा जन्म एका गादीवाल्याच्या दुकानात झाला. तिथे कापूस पिंजायचं यंत्र दिवसभर खडखडत असायचं आणि गादीवाला नाकाला फडकं बांधून माझ्यासारख्यांची पोटं भरत बसायचा. त्याच्या भुवया कायम पांढऱ्या. एका संध्याकाळी एक नवं जोडपं दुकानात आलं. नवरा शिडशिडीत, गंभीर चेहऱ्याचा. त्यानं किंमत विचारायच्या आधी माझी शिवण बोटानं चाचपली आणि म्हणाला, टाका जरा मोठा पडलाय. गादीवाल्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. बायको मात्र तोंडाला पदर लावून हसली. तिला ते नवं होतं, म्हणून हसू आलं. पुढे पुढे त्याच सवयीनं तिच्या नाकी नऊ आले.

नवरा तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर होता. सगळे त्याला मास्टरच म्हणायचे, अगदी त्याची सासूसुद्धा. बायको एका दाताच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची आणि घाबरलेल्या माणसांना गोड बोलून एकेक करून आत सोडायची. मी तिला बाई म्हणते. गादीवाल्यानं दोघांना सल्ला दिला की दोन एकेरी घेऊन जा, ओढाओढ होत नाही. बाई म्हणाली की एकच द्या, चांगली रुंद.

ओढाओढ व्हायचीच. मास्टर झोपेत मला गुंडाळून कुशीवर वळायचा आणि सकाळी बाई उघडी पडलेली असायची. मग चहा होईपर्यंत धुसफूस. तिचे पाय बर्फासारखे गार असत आणि ते ती बिनदिक्कत त्याच्या पोटऱ्यांना लावायची. लग्नाला वर्षं झाली तरी तो दर थंडीत नव्यानं दचकायचा. मला ते आवडायचं. खरं सांगायचं तर तेव्हा मला माझं काम आवडायचं.

माझ्याखाली माणसं खरं बोलतात. दिवसभर कामावर, दुकानात, पाहुण्यांत जे पोटात ठेवलेलं असतं ते अंगावर रजई ओढली की आपोआप ओठांवर येतं. चेहरा दिसत नाही, हाताला हात लागतो आणि बोलणं सोपं जातं. मास्टरला कारखान्याच्या मालकाची किती भीती वाटते, हे मला ठाऊक होतं. बाईच्या दवाखान्यातले डॉक्टर स्वतः इंजेक्शन घ्यायची वेळ आली की डोळे गच्च मिटतात, हेही ठाऊक होतं. यातलं काही बाहेर जायचं नाही. तसं दोघांचं ठरलेलंच होतं.

एका सुट्टीच्या दिवशी, चांगलं उजाडलं तरी दोघं उठली नव्हती. बाई सहज म्हणाली की तुम्हाला एक धाकटा भाऊ होता ना, त्याच्याबद्दल तुम्ही कधी बोलत नाही. मास्टर कुशीवर वळला. मग त्यानं मला डोक्यावरून ओढून घेतलं आणि बोलायला लागला.

त्यांच्या जुन्या घराला मागे अंगण होतं आणि अंगणात जमिनीलगत पाण्याची टाकी होती. मागच्या दाराची कडी कायम लावायची, अशी घरात सक्त ताकीद होती. मास्टरचा हात तेव्हा नुकताच कडीला पुरायला लागला होता. एका दुपारी चेंडू अंगणात गेला म्हणून तो कडी काढून धावला, चेंडू घेऊन परस्पर बोळातून खेळायला निघून गेला. दार उघडंच राहिलं. धाकटा नुकता चालायला शिकला होता.

त्याची आई त्या दुपारी अंगणात कपडे वाळत घालून आली होती. सगळी माणसं जमल्यावर ती कपाळ बडवत एकच सांगत होती की कडी मीच विसरले, माझ्याच हातून गेलं पोर. मास्टरला कोणी काही विचारलंच नाही. लहान होता, घाबरला होता. मग मोठा झाला आणि तेव्हा बोलणं आणखी अवघड झालं. आई आजही स्वतःला दोष देते आणि मी आजही गप्प बसतो, असं म्हणून तो रडला. रजईत तोंड खुपसून मोठा माणूस रडतो तेव्हा आवाज फार होत नाही, पण ओल आतपर्यंत येते.

“कोणाला सांगू नकोस,” तो म्हणाला. “आईला तर मुळीच नाही.”

“नाही सांगणार,” बाई म्हणाली. तिनं ते मनापासून म्हटलं होतं.

पुढे मुलगी झाली. काही वर्षं ती दोघांच्या मधे आडवी झोपायची आणि लाथा मारून दोघांना कडेला लोटायची. ती मोठी होऊन वेगळी झोपायला लागली, मी एकदा उसवले, एकदा माझा कापूस पुन्हा पिंजून झाला. आणि मग सासरे गेल्यावर सासूबाई, म्हणजे मास्टरची आई, आजारी होऊन इकडे राहायला आल्या.

त्यांची खाट बाहेरच्या खोलीत टाकली. त्यांना सारखी थंडी वाजायची म्हणून मला त्यांच्या अंगावर घातलं आणि नवरा-बायकोनं दोन चादरी जोडून भागवलं. तो सगळा हिवाळा मी त्या म्हातारीच्या अंगावर होते, म्हणून मला पुढचं ठाऊक आहे.

सासूबाईंना एकच ध्यास होता. डोळा लागायला आला की त्या दचकून विचारायच्या, मागच्या दाराची कडी लावली का गं. हे घर तिसऱ्या मजल्यावर. याला मागचं दारच नाही. पण तसं सांगितलं की त्या कासावीस होऊन उठू पाहायच्या. मग बाईनं युक्ती काढली. कणीक मळत असली तरी तसाच हात घेऊन उठायची आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाची कडी जोरात वाजवायची. कडीचा आवाज आला की म्हातारी जरा निवायची. थोड्या वेळानं पुन्हा तेच. बाईनं दवाखान्यातून रजा घेतली होती. तिला ना धड जेवण मिळत होतं ना झोप. मास्टर सकाळी आईच्या पायांवर हात फिरवून कामावर जायचा आणि संध्याकाळी यायचा. मधला सगळा दिवस या दोघींचा आणि माझा.

एका दुपारी सासूबाई रडायला लागल्या. माझ्या हातून पोर गेलं, म्हणून माझी सुटका होत नाही, असं घोकत बसल्या. बाई त्यांच्या उशाशी बसली. तिनं त्यांचा हात धरला आणि सांगून टाकलं की कडी तुम्ही विसरला नव्हता, ती यांनी काढली होती, चेंडूसाठी.

दया आली म्हणून सांगितलं की कडीच्या प्रश्नाला वैतागून, हे बाईला आजही ठरवता येत नाही. मला विचाराल तर दोन्ही होतं. थकलेल्या माणसाच्या मनात दोन्ही गोष्टी एकाच वेळी असतात.

त्या दिवसापासून सासूबाईंनी कडीचं विचारणं सोडलं. दोन घास जास्त जेवायला लागल्या. पण संध्याकाळी मुलगा येऊन बसला की त्या भिंतीकडे तोंड करायच्या. त्याला वाटायचं दुखणं वाढलंय. बाई दारात उभी राहून पाहायची. मधे एकदा मास्टरची मावशी भेटून गेली. त्या दोघी बहिणी दार लोटून कुजबुजत बसल्या होत्या.

मग ती दुपार आली. सासूबाईंचा श्वास जड झाला होता, पण शुद्ध पक्की होती. त्यांनी बाईला जवळ बोलावलं.

“त्याला बोलाव,” त्या म्हणाल्या. “म्हणावं, मला काही विचारायचं नाही. नुसता येऊन बस.”

कारखाना गल्लीच्या तोंडाशी. एक फोन केला असता तर मास्टर चहा थंड व्हायच्या आत घरी आला असता. पण बाई घाबरली. आईच्या तोंडून कडीचा एक शब्द निघाला असता तरी त्याला कळलं असतं की बायकोनं शब्द मोडला. ती म्हणाली, आज त्यांचा माल जायचाय, संध्याकाळी येतीलच. सासूबाईंनी बरं म्हटलं आणि माझी कड मुठीत धरून दाराकडे पाहत राहिल्या. संध्याकाळ व्हायच्या आधीच ती मूठ सैल झाली. मला कळलं, बाईला जरा वेळानं कळलं.

माणसं आली, गेली. घर रिकामं झालं आणि जाता जाता मावशीनं मास्टरला बाजूला घेतलं. ताई मला सगळं बोलली होती, कडी तू काढली होतीस म्हणून, असं तिनं सांगितलं. वाईट हेतू नव्हता तिचा, पण तिच्या जिभेला हाड नाही हे सगळ्या नात्यात प्रसिद्ध आहे. मास्टर स्वयंपाकघरात आला. बाई भांडी लावत होती.

“आईला तू सांगितलंस?”

“हो. अहो, पण त्या म्हणाल्या…”

“बास. पुढचं मला ऐकायचं नाही.”

आवाज चढवला नाही त्यानं. कधीच चढवायचा नाही. तो बाहेर आला, मला खाटेवरून उचललं, जमिनीवर पसरलं आणि खडू घेऊन माझ्या मधोमध रेघ मारली. बाईला वाटलं की तो मला टाकून देणार, म्हणून ती धावत आली. तर तो कात्री घेऊन बसला होता. तुलाही थंडी वाजते, असं म्हणाला आणि मला कापलं. कारखान्यात कापडाचे थरावर थर एका दमात कापणारा माणूस, पण माझ्या मधे त्याचा हात अडखळला. तरीही रेघ मोडली नाही. सगळी रजई एकट्यानं घ्यायची नाही आणि तिच्याजवळही झोपायचं नाही, एवढा त्याचा न्याय होता. मला मात्र त्या न्यायाची किंमत द्यावी लागली. दोन्ही कडांतून कापूस बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी बाईनं दोन्ही तुकड्यांच्या कडा शिवल्या. तिची शिवण वाकडी. मास्टरच्या डोळ्याला ती रोज खुपत असणार, पण त्यानं ती कधी उसवली नाही. आईच्या खाटेवर, बायकोच्या वाकड्या टाक्यांखाली तो झोपायला लागला.

त्यानंतरची वर्षं मी कशी सांगू? भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. गॅस संपलाय, उद्या पाणी येणार नाही, मुलीचा फोन आला होता, असं सगळं बोलणं चालू होतं. आल्यागेल्यांना हे जोडपं आदर्श वाटायचं. वेगळ्या खोल्यांचं कारण मास्टरचं घोरणं, असं सांगायची पद्धत पडली आणि मुलगीही तेच खरं धरून मोठी झाली. मास्टर घोरत नाही. मी शपथेवर सांगेन, पण मला विचारतो कोण.

बाईच्या मनात मात्र आईंचं ते वाक्य अडकून बसलं होतं. सुरुवातीला मास्टरनं ते ऐकून घेतलं नाही. नंतर तिला धीर होईना. कारण आईंनी बोलावलं होतं हे सांगायचं तर मी तुम्हाला येऊ दिलं नाही हेही सांगायला लागणार. गुपित सांगितलं एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि एवढ्यावर त्यानं रजई कापली. हे कळलं तर काय करेल? दुपारी तो कामावर असताना ती बाहेरच्या खोलीत यायची, माझ्या तुकड्यावरून हात फिरवत घडी करायची आणि मलाच सांगायची, “आईंनी बोलावलं होतं तुम्हाला.” पुढचे शब्दही तिचे पाठ होते. संध्याकाळी तो आला की ती विचारायची, चहा टाकू का.

मुलगी लग्न होऊन गेली. बाईनं दवाखाना सोडला. आणि एक दिवस कारखान्यातून मास्टरचा धाकटा सहकारी त्याला हाताला धरून घरी घेऊन आला. मास्टरनं शर्टांचा अख्खा गठ्ठा कापला होता आणि सगळ्या बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या होत्या. कोणी हसलं नाही म्हणे. मालकानंच सांगितलं की आता घरी आराम करा.

मग हळूहळू सगळंच निसटायला लागलं. हातात चष्मा घेऊन चष्मा शोधायचा, एकदा जेवल्यावर पुन्हा ताटावर बसायचा. डॉक्टर म्हणाले की हे वाढत जाणार. अलीकडचं आधी पुसलं जाईल, लांबचं राहील. वाद घालू नका, त्यांच्या हो ला हो म्हणा.

गेल्या थंडीची गोष्ट. दुपारचं जेवण झालं होतं, बाई आतल्या पलंगावर आडवी झाली होती. मास्टर आपला तुकडा काखेत मारून आला आणि पलंगाच्या त्याच्या जुन्या बाजूला उभा राहिला.

“सरक जरा,” तो म्हणाला.

बाई सरकली. श्वास रोखून सरकली. त्यानं आपला तुकडा पांघरला, माझ्या दोन कडा कितीतरी वर्षांनी एकमेकींना लागल्या. त्यानं मधली फट चाचपली आणि विचारलं की हिला काय झालं. ती म्हणाली, जुनी झाली. “पाय आण तुझे इकडे,” तो कुरकुरत म्हणाला, “उगाच गारठून पडशील.” बाई भिंतीकडे तोंड करून रडली. तिला फार आनंद झाला होता आणि तो आनंद आपला नाही, हेही तिला कळत होतं. त्यानं माफ केलं नव्हतं. तो विसरला होता.

थोड्या वेळानं तो म्हणाला की तुला एक सांगायचंय, आजवर कोणाला सांगितलं नाही. आणि त्यानं सांगितलं. अंगण, टाकी, चेंडू, कडी. पहिल्यांदा सांगताना रडला होता तसाच रडला. शेवटी म्हणाला, कोणाला सांगू नकोस, आईला तर मुळीच नाही.

बाईला दुसरं काय म्हणता येणार होतं? ती म्हणाली, नाही सांगणार.

तेव्हापासून जवळजवळ रोज हेच. दुपारी तुकडा घेऊन येणं, फट चाचपणं, तेच सांगणं, तेच वचन घेणं. ज्या शब्दासाठी तिनं इतकी वर्षं भोगलं, तो शब्द ती रोज नव्यानं देत होती आणि रोज खोटी पडत होती. एरवी प्रेमाचं म्हणावं असं सगळं तिला परत मिळालं होतं, पण तिला त्यात पाय पसरून राहता येईना. तिची तब्येत उतरली.

मुलगी चार दिवस राहायला आली तेव्हा बाईनं तिला सगळं सांगितलं. मुलगी उठून बाहेरच्या खाटेकडे बघून आली. इतकी वर्षं घोरण्यावर विश्वास ठेवला याचं तिला वाईट वाटलं असावं.

“आई, आता कशाला उकरून काढतेस?” ती म्हणाली. “बाबा तुझ्याशी नीट बोलतायत, एवढं पुरे नाही का?”

“त्यांच्या आईचा निरोप आहे तो,” बाई म्हणाली. “मी अडवून ठेवलाय. ते मला ओळखेनासे झाले, की मग कोणाला देऊ?”

 मुलगी डॉक्टरांचंच म्हणणं परत सांगत राहिली.

आणि वेळ खरंच थोडा उरला होता. मास्टर मुलीला मावशी म्हणायला लागला होता. एकदा सकाळी त्यानं बाईला अगदी अदबीनं विचारलं, तुम्ही किती वाजता घरी जाता. बाई स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिली.

त्याच दुपारी तो तुकडा घेऊन आला. तेव्हा मात्र तिला ओळखत होता. झोपला, फट चाचपली, अंगण सांगितलं, टाकी सांगितली, कडी सांगितली. आईला सांगू नकोस म्हणाला. आणि बाई उठून बसली.

“आईंना ठाऊक आहे,” ती म्हणाली. “मीच सांगितलं.”

मास्टरचा चेहरा ताठ झाला. तो चेहरा मी ओळखते, कात्री हातात घेतली होती तेव्हाचा तो. बाईनंही ओळखला. पण आता ती थांबली नाही. बोलली ती एका दमात बोलली, कारण इतकी वर्षं रोज तेच पाठ करत होती.

“आधी त्या रागावल्या. मग त्यांनी तुम्हाला बोलावलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही, मी घाबरले. त्या म्हणाल्या, मला काही विचारायचं नाही. नुसता येऊन बस म्हणावं.”

 खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती. मास्टर बायकोकडे बघत राहिला. ती ओरडा खायला तयार होऊन बसली होती. पुन्हा कापाकापी झाली तर मीही तयार होते, तशी सवय झालीय मला.

“काही विचारणार नाही म्हणाली?” त्यानं विचारलं.

“हो.”

“मग उठायला नको का,” तो म्हणाला. “वाट बघत असेल ती.”

त्यानं आपला तुकडा ओढून घेतला आणि चपलासुद्धा न घालता बाहेरच्या खोलीकडे निघाला. बाई भिंतीला धरून मागे गेली. तिला भीती वाटत होती की रिकामी खाट बघून तो कोसळेल. तो खाटेजवळ गेला, मला तिच्यावर नीट पसरलं, पायाकडची बाजू आत खोचली, उशाकडची बाजू जरा वर ओढली. मग खुर्ची जवळ घेतली आणि बसला. माझ्यावर एक हात ठेवला. मी जाड आहे, वाकडी शिवलेली आहे, कापूस ठिकठिकाणी गोळा झालाय. हाताखाली माझा उंचवटा लागतो.

तो नुसता बसला. बाई दारातच खाली बसली आणि तिनं त्याला हाक मारली नाही. खिडकीतलं ऊन खाटेवरून उतरून जमिनीवर गेलं तेव्हा तो उठला. बाई चहा टाकायला आत गेली होती. तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

“झोपली ती,” तो हळूच म्हणाला. “बरं झालं तू सांगितलंस.”

बाईनं मागे वळून पाहिलं नाही. चहा उतू गेला, गॅस विझला, तरी ती ओट्याला धरून तशीच उभी होती. मग तो म्हणाला की चहा सांडला तुझा, आणि फडकं शोधायला लागला.

संध्याकाळपर्यंत तो सगळं विसरला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आला, पुन्हा सांगितलं, पुन्हा आईचं नाव काढलं. बाईनं पुन्हा निरोप दिला. तो पुन्हा जाऊन बसला. आता हे रोजचंच झालंय. एखाद्या दिवशी तो चिडतो आणि तिच्याशी बोलत नाही, पण बसायला जातो. एखाद्या दिवशी परत येऊन बरं झालं म्हणतो, एखाद्या दिवशी म्हणत नाही. बाई दोन्ही ऐकून घेते. ती दमलीय, मला दिसतं ते. पण आता ती वचन देत नाही आणि दुपारी तिला डोळा लागतो.

परवा मुलीनं नवी रजई पाठवली. हलकी, मऊ, मशीनमध्ये धुता येणारी, दोघांना पुरेल इतकी रुंद. फोनवर ती म्हणत होती की ती जुनी लक्तरं आता टाकून द्या. तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. मला धूळ लागलीय, माझ्यात ऊब फारशी उरली नाही आणि दोन खोल्यांतलं एकाच वेळी ऐकायचा मलाही कंटाळा आलाय. आतला तुकडा खुशाल टाका. पलंगावर नवीन घाला, त्या दोघांना आता बिनफटीचं पांघरूण मिळायला हवं.

पण बाहेरचा तुकडा एवढ्यात काढू नका. जमेल तितके दिवस मला खाटेवर पसरून ठेवा. दुपारी तो येऊन बसतो, आणि मी तिथे नसले तर त्याला ती खाट रिकामी दिसेल.